बाराव्या पिढीचं नाव

समितीचं पत्र हातात पडलं तेव्हा मी कचेरीत बसून एका मयत खातेदाराच्या चार वारसांची नावं उताऱ्यावर चढवत होतो. महसूल खात्यातली माझी तीस वर्षं ह्यातच गेली. कोण मेला, त्याच्यामागं कोण उरलं, कुणाच्या नावाचा काना चुकला, कुणाचा बाप बदलला, ते दुरुस्त करायचं आणि खाली सही ठोकायची. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा परभणीहून आलेले दप्तराचे गठ्ठे मीच लावून घेतले होते. आणि आता माझ्याच पोरीच्या कागदावर शेरा आला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

दोन हजार चार साल. ऐश्वर्याचा मेडिकलला नंबर लागत होता. आमच्या पाईकरावांच्या घरातून डॉक्टर होणारी ती पहिली. प्रवेशाला जात पडताळणीचं प्रमाणपत्र पाहिजे आणि प्रमाणपत्राला वंशावळ. मी मोठ्या तोऱ्यात स्वतःच्या हातानं वंशावळ लिहिली होती : ऐश्वर्या, तिचा बाप अमृत म्हणजे मी, माझे वडील काशिनाथ, आजोबा धोंडिबा, पणजोबा हैबती. जोडीला एकावन्न सालच्या जमिनीच्या पाहणीची नक्कल लावली. आमच्या उंबरगव्हाणच्या शिवारात महारकीच्या इनामाचा एक तुकडा होता, त्याची. तिच्यात कब्जेदार म्हणून लिहिलं होतं, ‘हैबती वल्द हैबती’, म्हणजे हैबतीचा मुलगा हैबती. मी ती ओळ वाचली होती, पण नीट पाहिली नव्हती. दुसऱ्याच्या कागदात मला असली चूक एका नजरेत दिसते.

समितीनं लिहिलं होतं की पिता-पुत्रांचं एकच नाव असणं संभवत नाही. शिवाय अर्जदार पणजोबांना धोंडिबा म्हणते आणि पाहणी हैबती म्हणते. दोघांची खरी नावं, गावातल्या माहीतगार वृद्धाच्या शपथपत्रासह, आठ दिवसांत सादर करावीत. नाहीतर प्रकरण फेटाळलं जाईल.

घरी आलो आणि पहिल्यांदा आईपुढं बसलो. आईचं नाव कमलबाई. वय ऐंशीच्या आसपास, दात चार, कान शाबूत.

“आई, माझ्या आजोबाचं नाव धोंडिबाच ना?”

“तुला ठावं हाय तं मला काहून इचारून राहिला?”

“आणि त्यांच्या वडलांचं?”

“हैबतीबाबा.”

“मग सरकारी कागदात आजोबालाही हैबती का लिहिलंय?”

“त्यायला बी हैबतीच म्हनायचे.”

“कोण म्हणायचे?”

“समदेच.”

“म्हणजे हैबती नक्की कोण होता?”

आईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “हैबती कोनीच न्हवतं.”

मी कपाळावर हात मारला. ऐश्वर्या हसायला लागली, मग तिला आठवलं की प्रवेश तिचाच आहे, आणि ती गप्प झाली. वडील मी दहा वर्षांचा असताना गेले. चुलते नाहीत. भाऊबंद औंढ्याकडे आणि शिरड शहापुराकडे पांगलेले, त्यांना त्यांच्याच आजोबाच्या पलीकडचं माहीत नाही. फोन करून पाहिले. एक म्हणाला हैबती, दुसरा म्हणाला बहुतेक हैबती, तिसऱ्यानं विचारलं, “काहून, जमिनीचं काही निघालं का?”

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात किशनराव देशमुख उभे.

हे किशनराव म्हणजे उंबरगव्हाणच्या गढीतले शेवटचे जुने माणूस. वय बहात्तर. गाव साखऱ्याच्या पुढं, पैनगंगेच्या काठावर. नदीच्या पलीकडं वऱ्हाड. ह्यांचा मूळपुरुष रायाजी. साडेचारशे वर्षांमागं अलीकडं एक सुलतान होता आणि पलीकडं दुसरा, आणि मधली सरहद्द राखायला रायाजीला दोन्ही काठांवरची बारा गावं मिळाली होती. कोणत्या सुलतानाकडून मिळाली हे देशमुखांत अजून ठरत नाही. माझ्या मते दोघांकडूनही मिळाली असावीत आणि दोघांनाही कळलं नसावं. ते असो. लहानपणी ह्याच किशनरावांनी मला गढीच्या ओट्यापासून वीस पावलांवर उभं करून “ए पोरा, कुणाचा रे तू?” असं विचारलेलं मी विसरलो नव्हतो. पण शपथपत्र देऊ शकेल असा वृद्ध आता गावात तेवढाच उरला होता. मी चारदा त्यांच्याकडं जायचं ठरवलं होतं आणि चारदा चप्पल काढून परत बसलो होतो. अडला हरी.

आणि आता दुसराच अडलेला हरी दारात आला होता. “अमृतराव,” ते म्हणाले. हे ‘राव’ त्यांना जरा जड गेलं, मला ऐकायला आलं. “कमलबाई आहेत का घरी? माझं थोडं काम होतं.”

काम असं होतं. किशनराव घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक छापत होते. दसऱ्याला नागपूर, पुणे, कुठून कुठून सगळे देशमुख गढीवर जमणार होते. रायाजीपासून अकरा पिढ्या एका जुन्या कागदावर मिळाल्या. किशनराव स्वतः सोळावे. त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा तोंडपाठ. मधली एक पिढी, बारावी, वाळवीनं खाल्ली. घरात सगळे त्या पुरुषाला आबासाहेबच म्हणत, त्यामुळं नाव कुणाला माहीत नाही. छापखानेवाला थांबलाय.

“गावात कुणीतरी म्हणालं,” किशनरावांनी चष्मा पुसला, “तुमच्या घरात ती नावं असतील.”

आता हे कसं, ते सांगायला हवं. गढीत कुणी मेलं की नात्यागोत्याच्या गावांना मौतीचा सांगावा न्यायचं काम आमच्या घराकडं होतं. पायी, पावसापाण्यात, नदीपार. सांगाव्याला गेलेल्यानं त्या गावच्या वेशीबाहेर उभं राहून रायाजीपासूनची सगळी नावं ओळीनं घ्यायची आणि शेवटी मेलेल्याचं नाव घ्यायचं. एक नाव चुकलं तर सांगावा खोटा आणि वर मार. म्हणून आमच्या घरातल्या पुरुषांना देशमुखांच्या पिढ्या पाठ. आजोबा धोंडिबा संध्याकाळी ओट्यावर बसून माझ्या वडलांकडून त्या घोकून घ्यायचे आणि आत दळता दळता सून, म्हणजे माझी आई, ऐकत राहायची. छप्पन साली आम्ही धम्मदीक्षा घेतली. मेलेली ढोरं ओढणं सोडलं, सांगावा सोडला. घोकणं थांबलं, पण आईच्या डोक्यात जे बसलं ते बसलं.

मला राग आला. खरंच आला. ज्या कामापायी माझ्या माणसांच्या टाचा फुटल्या, त्याचाच वानवळा मागायला हा माणूस माझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून चहा पीत होता. मी नाही म्हणणारच होतो, तेवढ्यात ऐश्वर्यानं माझ्याकडं पाहिलं. तिला राग नव्हता आला, तिला प्रवेश पाहिजे होता.

“सांगेल की आई,” मी म्हणालो. “पण आमचंही एक काम आहे तुमच्याकडं.” आणि समितीचं पत्र त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. “हैबती वल्द हैबती. बरोबरच आहे की. हैबतीच होता तो. मी पाहिलाय ना त्याला, पांढऱ्या मिशांचा.”

“तो धोंडिबा होता.”

“कोण धोंडिबा?”

“माझा आजोबा. तुम्ही ज्याला हैबती म्हणता तो.”

किशनराव गोंधळले. ते खोटं बोलत नव्हते. अठरा-वीस वर्षांचे होईपर्यंत त्यांनी ज्या माणसाला रोज पाहिलं, त्याचं नाव त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

“बरं, धोंडिबा तर धोंडिबा,” ते म्हणाले. “मी शपथेवर लिहून देतो. त्याच्या बापाचं नाव काय लिहू?”

“तेच तर सापडत नाही.”

तेवढ्यात आई आतून आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी म्हणालो खुर्चीवर बस. ती म्हणाली गुडघे दुखतात खुर्चीवर. किशनरावांनी वही उघडली. एक ते सोळा आकडे, बारापुढं कोरी जागा.

“म्हणा कमलबाई.”

आणि आई म्हणायला लागली. मी जन्मात तिचा तो आवाज ऐकला नव्हता, जात्यावरचाही नाही आणि वंदनेचाही नाही. “रायाजी. रायाजीचा एकोजी. एकोजीचा दमाजी. दमाजीचा हणमंतराव…” किशनराव बोट वहीवर सरकवत होते आणि त्यांचा चेहरा उजळत होता. अकरावा आला. “भगवंतरावाचा निंबाजी. निंबाजीचा…”

आई थांबली.

“निंबाजीचा?” किशनराव पुढं वाकले.

“…त्यायचा आनंदराव. आनंदरावाचा माधवराव. माधवरावाचा बळवंतराव. आन बळवंतरावाचे तुमी.”

“मधला राहिला.”

“व्हय.”

“आठवत नाही का?”

“आठवतं की.”

“मग सांगा ना.”

“कसं सांगू?” आई माझ्याकडं बघून म्हणाली, जणू मीच तिला अडवून धरलं होतं.

किशनरावांना वाटलं तिला काही पाहिजे असेल. मलाही क्षणभर तेच वाटलं, आणि बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आईच्या चेहऱ्यावर सौद्याचं काही नव्हतं. ती लाजली होती. ऐंशी वर्षांची बाई नव्या सुनेसारखी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

आधी ऐश्वर्याच्या लक्षात आलं. “आजी, तू आजोबांचं नाव घेत नाहीस ना?”

“तुझ्या आजोबाचं? न्हाई बा.”

“आणि सासऱ्यांचं?”

“न्हाई.”

“आणि सासऱ्यांच्या वडलांचं?”

“ते तं लईच मोठे.”

“मग ह्या देशमुखांचं नाव…” ऐश्वर्या थांबली. “त्यांचं आणि सासऱ्यांच्या वडलांचं नाव एकच आहे का?”

आईनं मान डोलावली. मी तीस वर्षं कारकुनी केलेला, पण कोणत्या घराचा वारस कोणत्या रकान्यात चाललाय ते मला कळेना. आमचा पणजोबा आणि ह्यांचा आबासाहेब एका नावाचे? मग हैबती कुठून आला? आईनं आपली माणसं हैबती म्हणून सांगितली ती नाव घ्यायला नको म्हणून, हे उमजलं. पण गढीवाले का म्हणत होते? त्यांना कोणत्या सासऱ्याची लाज?

“आई, नीट सांग. पहिल्यापासून.”

आईनं पाण्याचा घोट घेतला.

“ह्यायचे ते बारावे गेले तवा आपला मानूस, मामंजींचा आजा, सांगाव्याला गेला. अलीकडची दोन गावं, पलीकडं वऱ्हाडातली दोन. मधी नदीला पूर आला तं तिकडंच अडकला. बारा दिस. रोज कोनी ना कोनी येऊन इचारायचं, कोन गेलं, नाव काय? ह्यो सांगायचा. बारा दिस तोंडात तेच. उतार भेटला तसा घरी आला, तं मागं बाळंतपन झालेलं. पोरगं पाळन्यात घालून राहिले व्हते. बहीन म्हने, दादा, बराबर आलास, नाव काय?” आई थांबली. “त्याच्या तोंडातून तेच निघालं. भागलेला जीव. बहिनीनं लेकराच्या कानात कुर्र केलं. कानात सांगितलेलं नाव मागं घेता येतं का?”

“मग?”

“मग काय! गढीवर कळलं. मालकाचं नाव महारवाड्यात! आन तकलीफ अशी का गढीवरून आमच्या मानसाला हाक मारायची म्हंजी शिवी देऊनच मारायची. आता ह्या नावाला शिवी कशी द्यायची? मालकालाच लागायची. मंग म्हने, ह्याला हैबती म्हना. त्यो गेल्यावर त्याच्या लेकाला बी हैबतीच. वर कोन बघून राहिलं व्हतं, कोन बाप आन कोन लेक!”

मला हसू आलं. ज्याचं नाव गढीनं अपमान नको म्हणून टाकलं, त्याचं नाव आईनं मान म्हणून टाकलं होतं. आणि दोन्हीकडून टाकून टाकून ते नाव पार बुडालं होतं. माझ्या पोरीचा प्रवेश त्याच्याखाली अडकला होता.

किशनरावांनी बारापुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “हे आमच्याकडं कधी कुणी बोललं नाही,” ते म्हणाले. मग, “कमलबाई, झालं ते झालं. तुम्ही नाव सांगा. मी शपथपत्रात सगळं लिहितो. आमच्या घरानं नाव घेऊ दिलं नाही, हेही लिहितो.”

“तुमीच घ्या की नाव. तुमच्याच घरानं बंद केलं.”

“पण मला माहीत असतं तर…”

“मला ठावं हाय, पन माझ्यानं घेववत न्हाई.”

“आई!” माझा पारा चढला. “छप्पन साली देव सोडलेस तू. घरातल्या मूर्ती पैनगंगेत नेऊन टाकल्यास. आणि हे एक सुटत नाही? पोरीचं वर्ष जाईल!”

“देव सोडले, मान्सं सोडली न्हाईत,” आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “मी त्या घरात तेरा वर्साची आले. मामंजींनी लेकीवानी वागवलं मला. त्यायच्या बापाचं नाव मी असं वाऱ्यावर घेऊ? माझी जीभच हालत न्हाई रे, मी काय मुद्दाम करून राहिले?”

तिची जीभ खरंच हलत नव्हती. तिनं प्रयत्न केला. ओठ मिटले, उघडले आणि नुसता श्वास बाहेर आला. ऐश्वर्या तिच्याजवळ जाऊन बसली. मला स्वतःचीच चीड आली. प्रत्येक मयताच्या बायकोला मी कचेरीत हाच प्रश्न विचारत आलो, “नवऱ्याचं नाव सांगा, लवकर सांगा,” आणि तिनं शेजारणीकडं बघितलं की वैतागत आलो.

“आजी,” ऐश्वर्या म्हणाली, “लिहितेस का?”

हे मला सुचलं नव्हतं. साक्षरतेच्या वर्गात, त्र्याण्णव साली, आई अंगठा सोडून सही शिकली होती. त्यापुढं बाराखडीही जमेल तशी. पुढं पेन हातात धरायची वेळ क्वचितच आली. पण तिनं ऐश्वर्याकडं असं पाहिलं, जणू कुणी बंद दार ढकलून दाखवलं. तोंडानं घ्यायचं नाही असा नेम होता. हातानं लिहायचं नाही असं कुणी सांगितलंच नव्हतं, कारण लिहिणारी सून ह्या घरात आधी झालीच नव्हती.

किशनरावांनी वही पुढं केली. स्वतः उठून, वाकून, तिच्यापुढं जमिनीवर ठेवली. बाराव्या आकड्यापुढच्या कोऱ्या जागेत आईनं एक एक अक्षर काढलं. अक्षरं मोठी होती, दोन ओळींत पसरली. सु. भा. ना.

“राव राहिलं,” किशनराव हळूच म्हणाले.

“ते तुमच्याकडचं,” आई म्हणाली. “तुमी लावा.”

किशनरावांनी वही उचलली, डोळ्यांपासून लांब धरली आणि मोठ्यानं वाचलं.

“सुभाना.”

आई भिंतीचा आधार घेत उठली. गुडघे धरून, कण्हत, पण पुरती उभी राहिली. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि खाली मान घातली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढं सगळं होऊन शेवटी ही बाई देशमुखापुढं उभी राहते?

“बस, आई!” मी ओरडलोच. “ह्यांच्यासाठी उठायचे दिवस गेले!”

“ह्यायच्यासाठी कोन उठलं?” आई पदराआडून म्हणाली. “नाव ऐकलं न्हाई का? मामंजींचे वडील हायेत.”

मी खुर्चीतून केव्हा उठलो ते मला कळलं नाही. ऐश्वर्याही उठली. आमच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही तिघं उभे होतो आणि चौथे किशनराव, हातात वही, आधीपासूनच उभे. त्यांनी बसावं की नाही हे त्यांना कळेना. ते एकदा वहीकडं बघत, एकदा आईकडं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ती त्यांच्या आबासाहेबासाठी काढली का आमच्या पणजोबासाठी, ते मी त्यांना विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं असतं असं मला वाटत नाही.

आई बसल्यावर ते बसले. मग त्यांनी स्टॅम्पपेपर मागितला आणि मी सांगायला लागलो तसं लिहायला घेतलं, ‘मी शपथेवर सांगतो की हैबती ह्या नावाचा माणूस ह्या घरात कधी नव्हता.’